चिंच लावून घासलेला आरसा

आधीच सांगते, मला राग लवकर येतो. आमच्या घरात सगळ्यांचंच तसं आहे, आणि सोलापूरचं ऊन त्यात भर घालतं. त्यामुळं कुठं आवाज चढला तर मनावर घेऊ नका.

चिंचोळी एमआयडीसीत एक कंपनी आहे. नाव घेत नाही. घेतलं की लगेच कुणीतरी म्हणतं, अहो, पण त्यांनी आमच्या शाळेला बाकडी दिली. दिली असतील की. त्या कंपनीचं एक फाउंडेशन, आणि फाउंडेशनचं एक विज्ञान केंद्र, मंद्रूपच्या पुढच्या एका गावात, हायस्कूलच्या जुन्या भांडारखोलीत. मी तिथली फॅसिलिटेटर. म्हणजे नेमकं कोण, ते मलाही नेमणुकीच्या दिवशी विचारावं लागलं. शिक्षिका म्हणायचं नाही, कारण तसं म्हटलं की शाळेवाल्यांच्या पोटात दुखतं. मुलं आपली पूनम मॅडम म्हणायची, तेवढं मला पुरायचं.

खोलीत सूक्ष्मदर्शक होता, लोहचुंबक होते, प्लॅस्टिकचा हाडांचा सापळा होता. सापळ्याचं नाव पोरांनी बिरप्पा ठेवलं होतं, कारण गावातला बिरप्पा तसाच वाळका. खऱ्या बिरप्पाला ते कळलं तेव्हा तो सापळा बघायला आला आणि म्हणाला, माझे दात याच्यापेक्षा बरे हायत. असं चालायचं. विज्ञानाचा प्रसार म्हणतात तो हाच, असं माझं मत आहे. फाउंडेशनच्या अहवालात मात्र हे लिहायला जागा नव्हती.

आणि दुर्बीण होती. छातीपर्यंत येणारी पांढरी नळी, तिच्या तळाला ताटलीएवढा आरसा. या आरशाचं एक सांगायला पाहिजे. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागं असतो, म्हणून वरून कितीही घासा, काही होत नाही. दुर्बिणीच्या आरशाचा मुलामा काचेच्या वर असतो, उघडा, सायीपेक्षा पातळ. त्याला बोट लावायचं नाही. धूळ बसली तर बसू द्यायची, फार तर हलकं फुंकायचं. हे मी मुलांना पहिल्या दिवशी शिकवलं. नळीचा मागचा भाग स्क्रू काढून उघडला, आरसा दाखवला, परत लावला. आयांना शिकवायचं कुणाच्या डोक्यात येणार?

पहिल्या वर्षी एका संध्याकाळी गावातल्या बायकांना शनी दाखवायचा ठरवला. एकही पुढं येईना. शनी मागं लागू नये म्हणून माणसं तेल वाहतात, आणि ही बया म्हणते डोळा लावून बघा. शेवटी चंद्रव्वा आली. शाळेत पोषण आहाराची खिचडी करायची ती, आणि आमची खोलीही झाडायची. घरात कानडी, बाहेर मराठी. ती वाकली, डोळा लावला, आणि उठायलाच तयार नाही.

"कडं हाय की त्येला," ती म्हणाली. "एवढा देखणा हाय. लोक उगंच घाबरत्यात."

मग मागच्या सगळ्या रांगेत लागल्या. चंद्रव्वानं त्यानंतर दुर्बिणीला देवघरातल्या वस्तूचा मान दिला. खोली झाडताना आधी तिच्यावर आपला धुतलेला पदर टाकायची, मग झाडू हातात घ्यायची.

सिद्धेश्वरी तिची मुलगी. तेव्हा आठवीत होती, बोलायला लाजाळू, पण प्रश्न असे विचारायची की मला घरी जाऊन वाचायला लागायचं. शनीची कडी एका वर्षी जाड आणि एका वर्षी बारीक का दिसतात, हे तिनं मला विचारण्याआधी स्वतः बांगडी कलती धरून शोधून काढलं होतं. अशी मुलगी समोर असली की स्कूटीवरची धूळ, खड्डे, सगळं माफ.

ती दहावीत गेली त्या ऑगस्टमध्ये फाउंडेशनचे पृथ्वीराज सर आले. पुण्याचे, इस्त्री न मोडणारा शर्ट, बोलणं मऊ. मुख्याध्यापक सोमशेखर सरांच्या खोलीत चहा पिता पिता म्हणाले, "नवरात्रात आमच्या डायरेक्टर मॅडम भेटीला येणार आहेत. त्या या भागातला एक विद्यार्थी निवडतील. अकरावी-बारावी सायन्स सोलापुरात, हॉस्टेल, फी, सगळं फाउंडेशन करेल. चांगलं प्रेझेंटेशन करून घ्या."

मी त्याच दिवशी चंद्रव्वाच्या घरी गेले. तिचा नवरा रुद्रप्पा मंद्रूपच्या बाजारातून नुकताच आला होता. वाईट माणूस नव्हे तो. डोकं धरून बसला आणि म्हणाला, "कंपनी नेत असंल तर जाऊ दे तिला. आमच्यानं व्हायचं न्हाय, मॅडम. न्हाय तर दहावी झाली की सोलापुरात आत्याकडं." आत्या शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात होती. पोरगी तिथं मशीनवर बसणार हे ठरल्यासारखंच होतं.

म्हणजे काय, तर एक संध्याकाळ. त्या संध्याकाळी पोरीनं चंद्र आणि शनी दाखवायचा, नीट समजावून सांगायचं, की झालं. सिद्धेश्वरी तयारीला लागली. खिचडीच्या चुलीपाशी बसून आईला, म्हणजे तिच्या कानडीत अव्वाला, सांगायची, आई पळी ढवळत ऐकायची. चंद्रव्वाला शेवटी सगळं पाठ झालं होतं. एकदा मलाच म्हणाली, "मॅडम, खड्डे नीट दिसायचे तर चंद्र अर्दा पायजे. पुन्नवेचा उपेगाचा न्हाय." मी म्हटलं, चंद्रव्वा, तुम्हीच जा आता अकरावीला. ती तोंडाला पदर लावून हसली.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडं घरोघरी दसरा काढतात. काढतात म्हणजे घरातलं सगळं बाहेर काढून धुतात. गोधड्या, पातेली, डबे, समया, काही सुटत नाही. एखादी वस्तू न धुता राहिली तर बाईला चैन पडत नाही, देवी काय म्हणेल? त्याच आठवड्यात पाहुण्यांसाठी सोमशेखर सरांनी आमची खोली रंगवायला काढली. मी म्हटलं, सर, दुर्बीण माझ्या घरी नेते. ते म्हणाले, "तिथंच कोपऱ्यात ठेवली आहे की झाकून. घरी न्यायची म्हणजे उद्या कुणी विचारलं तर?" कंपनीची वस्तू शाळेबाहेर जाता कामा नये, हा त्यांचा बाणा. रंग होऊन पाहुणे येईपर्यंत खोलीला कुलूप. किल्ली चंद्रव्वाकडं, फरशीवरचे डाग काढायला.

चौथ्या माळेला पाहुणे आले. ठरल्यापेक्षा लवकर आले, दोन गाड्या, एक फोटोग्राफर. मी फाटकापाशी रांगोळीवरून सोमशेखर सरांशी वाद घालत होते, कारण त्यांना दुर्बिणीला हार घालायचा होता. आमचं ते चालू असताना सिद्धेश्वरीनं मुलांना घेऊन दुर्बीण पटांगणात आणली. चंद्राची कोर पश्चिमेला छान वर होती. तिनं डोळा लावला. मग नळीत डोकावली. मग माझ्याकडं बघितलं.

मी धावत गेले. नळीत वरून बघितलं तर तळाला आरसा नव्हताच म्हणायचा. काच होती. काचेतून मागचे स्क्रू दिसत होते. कडेला कुठं कुठं मुलामा उरलेला, बाकी सगळा ओरखडे पडून गेलेला, आणि आरसा बसवला होता तोही वाकडा. "कुणी केलं हे?" मी विचारलं. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. तोवर डायरेक्टर मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या, कपाळाला कुंकू, खांद्यावर शाल, हातात श्रीफळ.

"सो, कोण दाखवणार आम्हाला?" त्यांनी हसून विचारलं.

पृथ्वीराज सरांनी सिद्धेश्वरीला पुढं केलं. मी काही बोलायच्या आत मॅडम वाकल्या, डोळा लावला. त्यांना काय दिसलं असेल ते मी नंतर बघितलं. चंद्राच्या जागी एक पुसट पांढरट डाग, चुन्याचं बोट भिंतीला लागल्यासारखा.

"ब्यूटिफुल," मॅडम म्हणाल्या. "खूपच सुंदर दिसतोय." फोटोग्राफरनं फोटो काढला. सोमशेखर सरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

सिद्धेश्वरी टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "न्हाय मॅडम. चंद्र दिसत नाहीये."

सोमशेखर सरांनी तिच्याकडं असं बघितलं की दुसरी मुलगी तिथंच गप्प झाली असती. हिनं मात्र सांगितलं. आरशावर मुलामा कसा असतो, तो वरच्या बाजूला का असतो, तो नसला तर उजेड गोळा का होत नाही, आणि आत्ता जे दिसतंय तो चंद्र का नव्हे. पाठ केलेलं नव्हतं ते, कारण त्याची तयारी कोण करणार? "आरसा कुणीतरी घासलाय," ती म्हणाली. "म्हणून आज दाखवता येणार नाही. माफ करा."

मी इतकी वर्षं शिकवते आहे. यापेक्षा चांगला विज्ञानाचा तास मी बघितलेला नाही. तिथल्या तिथं तिला निवडायला पाहिजे होतं, दुसऱ्या कुणाकडं बघायचंही कारण नव्हतं. माझ्या मनात आलं, आता ही बाई म्हणेल, हीच मुलगी.

तेवढ्यात मागून चंद्रव्वा चहाचा ट्रे घेऊन आली. नवं लुगडं, केसात शेवंती. तिला मागचं सगळं ऐकू आलं नसावं, घासलाय तेवढं ऐकू आलं.

"म्याच घासलाय की," ती कौतुकानं म्हणाली. "रंगाची धूळ पडली हुती आत. दसरा काढताना म्हटलं, घरातल्या समया घासायच्या आन ह्यो तसाच ठेवायचा व्हय? मागचे स्क्रू काढून भाईर काढला, चिंच लावून, राखेनं घासला. लई मळ हुता, मॅडम. काळा काळा निगाला."

सिद्धेश्वरीनं आईकडं वळून बघितलं, एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. चंद्रव्वाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तिला आधी लेकीकडं बघून कळलं, मग माझ्याकडं बघून नक्की झालं. ट्रेमधले कप वाजायला लागले, मी जाऊन ट्रे धरला.

"सो स्वीट," डायरेक्टर मॅडम म्हणाल्या. "बघा, याला म्हणतात कम्युनिटी ओनरशिप. या मावशींचा एक फोटो घ्या दुर्बिणीबरोबर." आणि घेतला की हो. त्या बाईला खांद्याला धरून दुर्बिणीशेजारी उभं केलं आणि फोटो घेतला. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण मुलीचं काम व्हायचं होतं. तोंडात आलेलं सगळं गिळलं. त्या संध्याकाळी मी जेवढं गिळलं तेवढं आयुष्यात कधी गिळलेलं नाही.

त्यानंतर काहीच झालं नाही. निवड नाही, नकार नाही. पृथ्वीराज सर फोन उचलत, "प्रोसेसमध्ये आहे" म्हणत आणि ठेवत. मार्चअखेर केंद्र बंद झालं. टेम्पो आला, सूक्ष्मदर्शक गेला, सापळा गेला. दुर्बीण तेवढी त्यांनी नेली नाही, खराब झाली म्हणून. माझी नोकरी गेली, मी सोलापुरात क्लास घ्यायला लागले. गावात मात्र एकच बोललं जायचं. चंद्रव्वानं आरसा घासला आणि केंद्र गेलं, स्वतःच्या पोरीचं नशीब स्वतःच्या हातानं पुसलं. बायका तिला तोंडावर म्हणायच्या. कालपर्यंत हिच्याच मागं रांग लावून शनी बघितलेल्या बायका या.

दहावीचा निकाल लागला. सिद्धेश्वरी शाळेत पहिली आली. मी पेढे घेतले नाहीत, सरळ चिंचोळीला गेले. फाटकावर नाव लिहून घेतलं, ताटकळत ठेवलं, शेवटी पृथ्वीराज सरांनी आत बोलावलं. एसी एवढा की अंगावर काटा आला.

मी म्हटलं, "सर, केंद्राचं जाऊ द्या. त्या मुलीचं तेवढं करा. आरसा तिनं खराब केला नव्हता. उलट सगळ्यांसमोर खरं सांगितलं तिनं."

"कुठला आरसा?" त्यांनी विचारलं.

मी सगळं आठवण करून दिलं. ते ऐकत होते, मग मान हलवली. "अहो पूनम मॅडम, त्याचा काही संबंधच नाही. साउथ सोलापूर बंद करायचं एप्रिललाच ठरलं होतं."

"या एप्रिलला?"

"नाही, त्याच्या आधीच्या. बोर्डानं फोकस बदलला. आता रोबोटिक्स लॅब, दुसऱ्या जिल्ह्यात. स्कॉलरशिपचं हेडही तेव्हाच बंद झालं. मॅडमची ती भेट क्लोजर व्हिजिट होती, बंद करण्याआधीची, फोटो पाहिजे होते."

मी बसल्या जागी गणित करत राहिले. एप्रिलला ठरलं. ऑगस्टमध्ये हा माणूस येऊन चहा प्याला, आणि म्हणाला एक विद्यार्थी निवडणार.

"मग आम्हाला सांगितलं का तसं?"

"मॅडम, प्रॅक्टिकल व्हा," ते म्हणाले, अजूनही मऊच. "बंद होणार म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही सेंटर एवढं मनापासून चालवलं असतं का? मुलांनी तयारी केली असती का?"

तिथं मात्र मी गिळलं नाही. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शिपाई आत आला, मी त्याच्याआधी उठले. जाताना त्यांनी मला त्यांचं वार्षिक पुस्तक दिलं, गुळगुळीत कागदाचं. आत चंद्रव्वाचा फोटो होता, दुर्बिणीशेजारी. मी ते त्यांच्याच टेबलावर ठेवून आले.

एकच बरं वाटत होतं, की निदान चंद्रव्वाला सांगता येईल. बाई, तुमच्या हातून काही गेलं नाही. एवढं ओझं तरी उतरेल, म्हणून मी तशीच गाडी हाणत गावात गेले. शाळा सुरू झाली होती. ती चुलीपाशी एकटीच तांदूळ निवडत होती. निम्म्यानं वाळली होती. सिद्धेश्वरी आत्याकडं गेली होती, कारखान्यात लागलीसुद्धा.

"बोलते ना तुमच्याशी?" मी विचारलं.

"बोलती की. लई गोड बोलती. एक शबूद वाकडा न्हाय." ती तांदळात बोटं फिरवत राहिली. "भांडली असती तर बरं झालं असतं."

मग मी तिला सांगितलं. एप्रिल, ऑगस्ट, फोटो, सगळं. सिद्धरामेश्वराची शपथ घेतली, कारण मला वाटलं ती म्हणेल, मॅडम माझं मन राखायला बोलतात. पण तिनं विश्वास ठेवला. फक्त हात थांबले.

"म्हंजे त्यास्नी द्यायचंच नव्हतं?"

"नाही."

"आन माझी पोरगी हितं बसून पाठ करत हुती, तवा त्यास्नी ठावं हुतं?"

"होय."

चुलीवर पाणी उकळायला लागलं, ते तिनं उतरवलं. मला वाटलं आता रडेल, मोकळी होईल. ती माझ्याजवळ सरकली आणि माझा हात धरला.

"मॅडम, हे तिला सांगू नगासा."

"अहो चंद्रव्वा, तुमच्यावरचा आळ जाईल की."

"ऱ्हाऊ द्या माझ्यावर. आईनं घालवलं म्हटलं, तर मिळणार हुतं असं तरी हुतंय. माझी पोरगी त्या लायकीची हुती, हे ऱ्हातंय. आपल्याला कुणी मोजतच नव्हतं, हे तिला कळलं तर ती काय करंल? माझ्यावर राग धरून जगंल ती. ह्येच्यावर कशी जगंल?"

मी वाद घातला. मी वाद घालणारी बाई आहे, पण ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. चीड एवढी आली होती की रडूही येईना. निघताना ती नेहमीसारखं म्हणाली, जेवून जावा, खिचडी होतीय.

दोन आठवड्यांनी मी सिद्धेश्वरीला भेटले. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी खोली, मशीनांचा आवाज, कोपऱ्यात निळ्या चड्ड्या-सदऱ्यांचे ढीग. जेवणाच्या सुट्टीत ती दारात आली. बोटाला चिंधी बांधलेली. म्हणाली, सुई लागली, सवय होईल. मी म्हटलं, सतरा नंबरचा फॉर्म भरू, बाहेरून बारावी करता येते, मी शिकवते. ती हसली आणि बघू म्हणाली. म्हणजे नाही, हे मला कळलं.

मग तिनं चपलेनं धागे बाजूला सारत विचारलं, "मॅडम, एक विचारू? खरं सांगा. अव्वानं ते घासलं नसतं, तर मला मिळालं असतं ना?"

ती माझ्याकडं बघत होती. मी तिला कधी खोटं सांगितलेलं नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं, म्हणूनच ती मला विचारत होती.

"होय," मी म्हटलं. "मिळालं असतं."

तिनं डोळे मिटून मान हलवली. आत घंटा झाली, आणि ती जाऊन मशीनवर बसली.